सातनंतर विळी खाली काढायची नाही

या वेळच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं संध्याकाळी साडेसात ते नऊ या दीड तासाबद्दलची निघाली. त्यातली चार घेतली आहेत. पहिल्या पत्राला मी ऐसपैस उत्तर दिलंय, कारण तो दीड तास मी स्वतः बारा-तेरा वर्षं काढलाय.

प्रश्न : काकू, मी बदलापूरला राहते, नोकरी फोर्टला. नवरा ठाण्यात. मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा, दोघं दिवसभर पाळणाघरात. त्यांना घेऊन घरी पोचायला पावणेआठ होतात. मग एक पायाला मिठी मारून, एक कडेवर, आणि मी ओट्यापाशी भाजी चिरतेय. ताटं वाढेपर्यंत साडेनऊ, तोवर धाकटा रडून झोपलेला. मोबाइलवर बघून मी एका रविवारी सहा दिवसांच्या भाज्या करून, डबे भरून फ्रीझरमध्ये ठेवल्या. पाच तास उभी होते. बुधवारी बटाट्याची भाजी काढली तर स्पंज. भेंडी सरळ टाकून दिली. माझं नक्की चुकतंय कुठे? – एक आई, बदलापूर

उत्तर : अगं, तू भाज्या शिजवल्यास, तिथे चुकलं. चिरून, भाजून, वाटून थांबायचं होतंस.

बटाटा फ्रीझरला मानवत नाही. त्याच्यातल्या पाण्याचा बर्फ होतो, बर्फ आतल्या पेशी फोडतो, वितळला की पाणी बाहेर आणि तुझ्या हातात चोथा. भेंडीचं तर विचारूच नकोस. शिवाय मुलं फार चलाख असतात. रविवारची भाजी बुधवारी गरम करून दिली की त्यांना कसं कळतं देव जाणे, पण कळतं. फोडणीचा चुर्र आवाज आणि वास घरात आला नाही तर त्यांच्या लेखी स्वयंपाक झालेलाच नसतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या लेखीही.

माझं सांगते. मी ३१ वर्षं फोर्टातल्या एका कचेरीत हिशेब तपासले, कल्याणहून ये-जा करून. थोरली १९८४ची, धाकटा १९८७चा. यजमान अंबरनाथला कारखान्यात, पाळीचं काम, म्हणजे तीनातले दोन आठवडे संध्याकाळी घरात मी एकटी. तेव्हा ओटा होता पण चिरायचं काम जमिनीवर बसून, विळीवर. एके दिवशी मी गवार मोडत होते, दूध उतू गेलं म्हणून उठले, विळीचं पातं पाडायला विसरले. धाकटा रांगत आला आणि त्यानं पात्यावर हात टेकला. तीन टाके. चाळिशी जवळ आली त्याची, अजून उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर पांढरी रेघ आहे.

दुसऱ्या दिवसापासून घरात नियम झाला : सातनंतर विळी खाली काढायची नाही. तुझ्याकडे विळी नसेल, सुरी आणि चॉपिंग बोर्ड असेल. नियम तोच. संध्याकाळी चिरणं नाही, सोलणं नाही, वाटणं नाही, भिजत घालायचं आठवणं नाही. संध्याकाळी फक्त गॅस पेटवायचा. बाकी सगळं आधी होऊन गेलेलं असलं पाहिजे. नियम केला मुलाच्या बोटासाठी, आणि महिन्याभरात लक्षात आलं की आपण साडेआठला जेवतोय.

आता तुझा रविवार. पाच तास नाही, दोन. त्यातही एक तास नवऱ्याचा, हे आधीच ठरव.

पहिलं वाटण. सहा मोठे कांदे उभे चिरून तेलावर तांबूस होईपर्यंत परतायचे, एक वाटी सुकं खोबरं किसून भाजायचं, पंधरा-वीस लसणीच्या पाकळ्या, बोटभर आलं. गार करून कमीत कमी पाण्यात वाटायचं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरला. गोठलं की क्यूब काढून पिशवीत. चार माणसांच्या उसळीला दोन-तीन क्यूब पुरतात. हे महिनाभर छान राहतं. फक्त तो ट्रे वाटणाचाच ठेव. आमच्याकडे एकदा त्याच ट्रेतला बर्फ कोकम सरबतात गेला होता, थोरलीला बघायला आलेली माणसं होती. लग्न त्यांच्याशी झालं नाही, पण त्याचं कारण वेगळं.

दुसरं, खिचडीच्या पिशव्या. एका पिशवीत एक वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मुगाची डाळ. मी सुरुवातीला त्यातच हळद, मीठ, जिरं घालून ठेवलं आणि हुशारी केली म्हणून खूश झाले. संध्याकाळी डाळ-तांदूळ धुतले तर सगळी हुशारी सिंकमध्ये. तेव्हा मसाल्याची पुडी वेगळी बांधायची आणि मोठ्या पिशवीत टाकायची. असे तीन संच करून ठेव. ज्या दिवशी गाडी रखडते त्या दिवसासाठी ते.

तिसरं कडधान्य. शनिवारी रात्री मटकी भिजत, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची, सोमवारी सकाळी मोड आलेले असतात, डब्यात घालून फ्रिजला. मंगळवारी उसळ. छोले, राजमा, चवळी यांचं उलट आहे. ती रविवारी उकडून, गार करून फ्रीझरमध्ये टाकली तरी बिघडत नाहीत. तुझ्या बटाट्याचा मान खरं तर त्यांचा होता. फ्रीझरमध्ये शिजवूनच काही ठेवायचं तर ही.

आणि भाजी. आमच्या वेळी लेडीज डब्यात ठाण्यापर्यंत मटार सोलून व्हायचे, मेथी निवडून व्हायची, शेजारीण देठं धरायला आपली पिशवी पुढे करायची. पालेभाजीच्या जुडीवर अर्ध्या डब्याची गट्टी जमलेली मी पाहिली आहे. आता त्या डब्यात हात वर करून केस सारखे करता येत नाहीत, त्यामुळे तो सल्ला देत नाही. मटार सोलणं हे रविवारी दुपारी टीव्हीसमोर नवऱ्याचं काम. फरसबी, गाजर, कोबी चिरून कोरड्या डब्यात, खाली कापड घालून ठेवलं की तीन दिवस टिकतं. पालेभाजी निवडून ठेवायची, धुवायची मात्र करायच्या दिवशीच. ओली ठेवलीस तर सडते.

रोज सकाळी तुम्हा दोघांच्या डब्यासाठी कुकर लागतच असेल. त्यात तुरीची डाळ दुप्पट लाव. अर्धी डब्याला, अर्धी न फोडणी देता, घोटून, गार झाली की फ्रिजमध्ये. ही एक वाटी घट्ट डाळ म्हणजे तुझी संध्याकाळ आहे. एक दिवस चिंच-गूळ, गोडा मसाला घालून आमटी. एक दिवस लसणीची फोडणी आणि टोमॅटो. आणि एक दिवस वरणफळं.

वरणफळांवर थोडं थांबते, कारण लहान मुलांच्या घरात याच्यासारखं जेवण नाही. कोणी चकोल्या म्हणतं, कोणी डाळफळं. सकाळच्या पोळ्यांच्या कणकेतला एक गोळा, चांगला मुठीएवढा, तेलाचा हात लावून झाकून फ्रिजमध्ये ठेवायचा. संध्याकाळपर्यंत वरून जरा काळपट दिसला तर घाबरू नकोस, त्याच दिवशी वापरायचा आहे. डाळ पातळ करून, हळद-जिऱ्याची फोडणी, आमसूल, गूळ, मीठ घालून उकळायला ठेवायची. मोठी पोळी लाटायची. आता लेकीच्या हातात करंजीचं कातण द्यायचं. चार वर्षांची मुलगी कातणानं शंकरपाळ्यासारखे तुकडे पाडते, वाकडेतिकडे पाडते, काहींना नावं ठेवते. ते तू उकळत्या डाळीत एकेक सोडायचेस (गॅसपाशी तिनं यायचं नाही, हे तिला पहिल्या दिवशीच सांग), आठ-दहा मिनिटं शिजू द्यायचे. धाकट्यासाठी चार तुकडे बोटानं कुस्करून वर तूप. मोठ्यांसाठी पातेल्यात मागाहून कांदा-लसूण मसाला. पोळी नाही, भात नाही, भाजी नाही. स्वतः पाडलेला तुकडा न खाणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

तिखट नेहमी असं मागाहूनच. मुलांचं काढून घेऊन मग मसाला. दोन वेगळे स्वयंपाक करायला लागलीस की संपलीस.

आता पावणेआठ. दार उघडलंस, हातपाय धुतलेस, की मुलांना घ्यायच्या आधी कुकर लाव. पिशवीतले डाळ-तांदूळ धुऊन कुकरात, दोन मिनिटांचं काम. कुकरला शिट्ट्या आणि वाफ जिरायला मिळून वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तू शेजारी उभी राहिलीस तरी तेवढीच आणि नाही राहिलीस तरी तेवढीच. ती मुलांना दे. जमिनीवर बस. त्या वेळी त्यांच्यासमोर एक छोटी ताटली असू दे : केळ्याचे काप, मऊ उकडलेले मटार बोटानं दाबून, तूप लावलेल्या पोळीचे तुकडे. हे खाल्लं तर जेवणार नाहीत, अशी भीती बाळगू नकोस. रडून झोपलेलं मूल तसंही जेवत नाही. धाकट्याला मात्र अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर बिलकूल नको, घशात अडकतं. शेंगदाण्याचं कूट चालेल.

पोळ्या जमल्या तर कर. नाही तर आठवड्यातून दोन दिवस नाक्यावरच्या पोळीवाल्या बाईंकडून आण आणि त्याबद्दल कोणालाही स्पष्टीकरण देऊ नकोस. शुक्रवारी पिठलं-भात. कांदा न घालता केलंस तर पिठल्याला सुरीही लागत नाही.

प्रश्न : मी सकाळी साडेसहाला भात करून ठेवतो आणि रात्री मुलांना तोच गरम करून देतो. आमच्याकडे उन्हाळा कडक. भात आंबल्यासारखा वाटला नाही तर द्यायला हरकत नाही ना? मुलं तीन आणि सहा वर्षांची. – एक वडील, अकोला

उत्तर : हरकत आहे. वासावर जाऊ नका.

तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूची बीजं असतात. ती उकळत्या पाण्यातही तग धरतात. भात ओट्यावर तासन्‌तास कोमट राहिला की ती रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम करून जात नाही. भाताला वास येत नाही, चवीत काही कळत नाही, आणि मूल रात्री उलट्या करतं. अकोल्याच्या मे महिन्यात स्वयंपाकघर म्हणजे त्यांच्यासाठी पाळणाघरच.

म्हणून सकाळचा भात ठेवायचाच असेल तर झाल्या झाल्या परातीत पसरा, पंख्याखाली निववा, आणि तासाभरात उथळ डब्यात घालून फ्रिजमध्ये. फ्रिज ५ अंशांच्या खाली हवा. रात्री खायचा तेवढाच काढून, पाण्याचा हबका मारून, वाफा येईपर्यंत गरम करायचा, एकदाच. उरला तर टाकायचा. दिवसभर वीज जाऊन-येऊन असेल तर हा उद्योग करूच नका.

माझं विचाराल तर भात आधी करून ठेवण्यासारखी गोष्टच नाही. धुऊन वीस मिनिटं भिजवलेला तांदूळ पातेल्यात बारा-पंधरा मिनिटांत होतो. सकाळी करून ठेवायची ती डाळ, आणि तीही गार करून फ्रिजमध्येच. वरण आंबतं हे निदान नाकाला कळतं, एवढाच तिचा भातापेक्षा चांगुलपणा.

मला माहीत आहे, आपण सगळे रात्रीच्या भाताचा सकाळी फोडणीचा भात खाऊन मोठे झालो. मीही. पण तो रात्री नऊचा भात सकाळी सातला, आणि थंडीत. साडेसहा ते साडेआठ हे चौदा तास झाले, आणि उन्हाळ्यात.

प्रश्न : सासूबाईंना माझं आधी करून ठेवणं अजिबात पटत नाही. 'शिळं खाऊ घालतेस पोरांना' म्हणतात. वर गीतेतला श्लोक ऐकवतात. भांडायचं नाहीये, पण नोकरी सोडायची पण नाहीये. मुलगा तीन वर्षांचा. – स., सांगली

उत्तर : श्लोक त्या बरोबर सांगतात. सतराव्या अध्यायातला दहावा, 'यातयामं गतरसं' असा सुरू होतो. याम म्हणजे तीन तासांचा प्रहर. शिजवून प्रहर उलटून गेलेलं, रस गेलेलं अन्न तामसी लोकांना आवडतं, असं त्यात आहे. फ्रिज नसलेल्या काळात हा सल्ला उत्तमच होता, आणि वरचं अकोल्याचं उत्तर वाचलंस तर भाताच्या बाबतीत तो आजही उत्तमच आहे. तेव्हा त्यांना चूक ठरवायला जाऊ नकोस.

पण त्यांना एक विचारून बघ, वाद म्हणून नाही, गप्पा म्हणून. श्रावणातल्या शिळासप्तमीला त्यांच्या माहेरी काय करायचे? आदल्या दिवशी रांधायचं आणि त्या दिवशी चूल पेटवायची नाही, अशी रीत कित्येक घरांत होती. शिळी भाकरी ताकात कुस्करून, पोळीचा कुस्करा फोडणीला टाकून, हे तर सणावाराशिवायही चालायचं. आणि उन्हाळ्यात त्यांनी सांडगे घातले असतील, कुरडया घातल्या असतील, मेतकूट दळून आणलं असेल. त्याला त्या शिळं म्हणत नव्हत्या, बेगमी म्हणत होत्या. तू जे करते आहेस ती आठवड्याची बेगमी आहे. शब्द बदलून बघ. माझ्या सासूबाईंकडे हा शब्द चालला होता, सगळीकडे चालेलच अशी हमी नाही.

त्याहून सोपं : त्यांना भाजणी करायला सांग. मदत म्हणून नको सांगूस, 'मला तुमच्यासारखी जमत नाही' म्हणून सांग, ते खरंही असणार. दोन वाट्या बाजरी, दोन ज्वारी, एक तांदूळ, एक हरभऱ्याची डाळ, अर्धी उडदाची, अर्धी गहू, अर्धी धने, दोन चमचे जिरं. प्रत्येक धान्य वेगवेगळं, मंद आचेवर, खमंग वास येईपर्यंत. घाईत भाजलं तर थालीपीठ चिकट होतं, आणि तुझ्याकडे घाईशिवाय दुसरं काय आहे? त्यांच्याकडे वेळ आहे आणि हात आहे. गिरणीतून दळून आणली की घट्ट झाकणाच्या डब्यात महिना-दीड महिना बघायला नको. संध्याकाळी त्यात किसलेला दुधी किंवा कोथिंबीर, मीठ, तीळ, पाणी, की दहा मिनिटांत पहिलं थालीपीठ तव्यावर. वर लोणी.

आणि एक गोष्ट त्यांच्याकडे ठेव : संध्याकाळची फोडणी. तू यायच्या सुमाराला डाळ काढून त्यांनी फोडणी द्यायची. ज्या पातेल्यात स्वतः मोहरी तडतडवली त्याला शिळं म्हणणारी सासू विरळा.

प्रश्न : बायको संध्याकाळच्या पाळीला असते, स्वयंपाक मी करतो. मला वरण-भात आणि अंड्याचं ऑम्लेट एवढंच येतं. मुलगी तीन वर्षांची, तिला रोज वरण-भातच लागतो. शेजारच्या काकू म्हणतात, पोरीची आबाळ होतेय. – पुणे

उत्तर : शेजारच्या काकूंना माझा नमस्कार सांगा आणि वरण-भात करत राहा. तांदळात लायसिन नावाचं प्रथिनातलं द्रव्य कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत जे कमी ते तांदळात असतं. म्हणून ही जोडी लागली. वर लिंबू पिळा, त्यानं डाळीतलं लोह अंगी लागतं. तूप हात आखडून घालू नका.

फक्त वरणाचा रंग बदलत राहा. सकाळी डाळ शिजायला लावताना त्यात लाल भोपळ्याची एक फोड टाका, दुसऱ्या दिवशी गाजर, तिसऱ्या दिवशी मूठभर पालक, आणि सगळं एकत्र घोटून घ्या. ऑम्लेटची एक पट्टी बाजूला. तिनं पालकाच्या हिरव्या वरणाकडे बघून तोंड वाकडं केलं तर ते तुम्ही आधी खाऊन दाखवा, आणि तिच्याकडे न बघता खा. बघितलंत की तिला कळतं.

बदलापूरच्या उत्तरातलं पिठलंही तुम्हाला जमेल. बेसन पाण्यात आधी कालवून घ्या आणि मग फोडणीत ओता, म्हणजे गुठळ्या होणार नाहीत. झाल्याच, तर त्या फोडून खायला मुलांना आवडतात.